समाजरचना आणि समाजपरिवर्तन : हैदराबादचा अनुभव



हैदराबाद नगराच्या परिसरात दोन गावे आहेत. एक ईशान्येकडील शामीरपेट, दुसरे पूर्वेकडील पोचमपल्ली. १९५१ च्या सुमारास या दोन्ही गावांत बाहेरचा एकेक पाहुणा आला. शामीरपेट येथे उस्मानिया विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ डॉ. श्यामाचरण दुबे आपल्या सहकाऱ्यांसह आले. पोचमपल्लीस पवनारहून पायी निघालेले विनोबा भावे आले. विद्वानाने गावाला विचारले, 'तुमची रचना कशी आहे?' साधूने विचारले, 'तुम्हांला काय हवे आहे?' हे दोन प्रश्न निराळे असले तरी परस्परांना पूरक आहेत. रचना न कळता केलेली करुणा वाट चुकते, आणि करुणेवाचून मिळविलेले ज्ञान कपाटात पडून राहते. मठाच्या या मंगल प्रसंगी समाजपरिवर्तनाचा विचार करावयाचा तर तो या दोन्ही प्रश्नांच्या प्रकाशात करणे उचित होईल.

डॉ. दुबे यांचा शामीरपेटविषयीचा इंग्रजी ग्रंथ 'इंडियन व्हिलेज' १९५५ साली लंडनहून प्रसिद्ध झाला. भारतीय ग्रामजीवनाचा साद्यंत अभ्यास करणाऱ्या आरंभीच्या ग्रंथांत त्याची गणना होते. त्यात जे गाव दिसते ते मराठी माणसास अनोळखी वाटणार नाही. कुंभार, सुतार, लोहार, न्हावी, परीट यांनी आपापले काम करावे आणि सुगीला त्याबद्दल धान्य घ्यावे, ही व्यवस्था गोदाकाठच्या बलुतेदारीची सख्खी बहीणच होय. गावाच्या कारभारात देशमुखाच्या शब्दाला वजन होते. माला आणि मादिगा यांची वस्ती कडेला होती, आणि या दोन जातींतही परस्परांत पायरी होती. जो वरच्याकडून दूर लोटला गेला त्यानेही आपल्याखाली आणखी एक पायरी शोधली, ही त्या पाहणीतून निघणारी सर्वांत दुःखद गोष्ट होय. उच्चनीचतेचा भाव केवळ वरच्यांच्या मनात राहत नाही. ज्या शिडीवर सर्वांनाच उभे केलेले असते, तिच्या प्रत्येक पायरीवर तो वस्ती करतो.

शास्त्रग्रंथांत वर्ण चार सांगितले आहेत, परंतु गावात कोणी वर्णाने जगत नाही. मनुष्य जगतो तो जातीत. डॉ. इरावती कर्वे यांनी १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या विवेचनात हे स्पष्ट केले की, जाती या मूळच्या चार वर्णांची शकले नसून एकमेकींशेजारी येऊन वसलेले, परंतु विवाहसंबंधाने आपापल्यात बंद राहिलेले आप्तसमूह आहेत. ही दृष्टी घेतली म्हणजे समाजाच्या वास्तूचे चार खांब निरनिराळे दिसू लागतात. पहिला खांब रोटीचा, म्हणजे कोणी कोणाच्या हातचे खावे आणि कोणत्या पंगतीस बसावे याचा. दुसरा वृत्तीचा, म्हणजे कोणी कोणता धंदा करावा याचा. तिसरा भूमीचा, म्हणजे जमीन कोणाची आणि राबणारा कोण याचा. चौथा बेटीचा, म्हणजे विवाह कोठे करावा याचा. परिवर्तन झाले असे कोणी म्हणाले, तर यांपैकी कोणता खांब हलला हे त्यास विचारले पाहिजे. भिंतींना नवा रंग दिल्याने वास्तू बदलत नाही.

संतांनी काय केले, हा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उभा राहतो. जुन्या हैदराबाद संस्थानातील मराठवाडा ही तर संतांची जन्मभूमीच होय. आपेगावचे ज्ञानदेव, नरसीचे नामदेव, तेरचे गोरोबा, गंगाखेडच्या जनाबाई, पैठणचे एकनाथ आणि जांबेचे समर्थ ही नावे उच्चारली तरी त्या पाच जिल्ह्यांचा नकाशा डोळ्यांसमोर उभा राहतो. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात पोळणारे अस्पृश्य मानलेल्या जातीचे मूल नाथांनी कडेवर घेतले आणि त्याच्या घरी पोहोचविले, पितरांसाठी रांधलेले अन्न भुकेल्या महारांना वाढले, असे परंपरा सांगते. पैठणसारख्या कर्मठ क्षेत्रात हे करणे म्हणजे रोटीचा खांब आपल्या हाताने हलविणे होते. त्याचा दंड नाथांना भरावा लागला, हेही परंपरा विसरत नाही.

तथापि भक्तीचे वाळवंट सर्वांस खुले झाले, तरी गावाची वेस पूर्वीसारखीच राहिली. वारीत एकमेकांच्या पाया पडणारे वारकरी गावी परतले की आपापल्या आळीत जात. चोखोबांची समाधी पंढरपुरास महाद्वाराच्या पायरीशी आहे. चोखोबांचे देहावसान १३३८ साली झाले असे मानतात. त्यांच्या बांधवांना ती पायरी ओलांडून आत जाता यावे यासाठी साने गुरुजींना १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपोषण करावे लागले, आणि दहा दिवसांनी त्या उपोषणाची सांगता झाली. मध्ये सहाशे वर्षे गेली. या काळात अभंग अखंड गायिले जात होते आणि दारही अखंड बंद होते. संतांचे कार्य यामुळे उणे ठरत नाही. उणे ठरते ते संतांना डोक्यावर घेऊन त्यांचे आचरण उंबऱ्याबाहेर ठेवणाऱ्यांचे. ही गोष्ट कोणत्याही मठाच्या भक्तांनी प्रथम स्वतःशी बोलावी अशी आहे.

आता खुद्द हैदराबाद नगराकडे वळू. या नगरातील एका दलित कुटुंबात १८८८ साली मादरी भागय्या जन्मास आले. पुढे भाग्यरेड्डी वर्मा या नावाने ते विख्यात झाले. १९०६ साली त्यांनी जगन्मित्र मंडळी स्थापन केली आणि हरिकथेच्या द्वारे आपल्या बांधवांना जागे करण्यास आरंभ केला. साधन कीर्तनाचे आणि आशय स्वाभिमानाचा, असा तो उपक्रम होता. १९१० पासून त्यांनी मुलांसाठी शाळा काढल्या. दारू सुटावी, मुली देवाला वाहण्याची चाल बंद व्हावी, लग्नातील उधळपट्टी थांबावी यासाठी ते झटले. १९१७ साली बेझवाडा येथे पंचमांची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. 'पंचम' हे नाव दुसऱ्यांनी दिलेले असून आम्ही या भूमीचे आद्य रहिवासी आहोत, असे त्यांनी तेथे ठासून सांगितले. हैदराबादेत त्यांनी आपल्या समाजास 'आदि हिंदू' म्हणविले आणि १९३१ च्या जनगणनेत हे नाव नोंदले गेले.

त्यांच्या नावाचाच इतिहास पाहण्यासारखा आहे. 'रेड्डी' हे पद त्यांनी आपल्या पूर्वजांच्या प्राचीन अधिकाराची खूण म्हणून लाविले आणि 'वर्मा' ही उपाधी त्यांना आर्यसमाजाकडून मिळाली. प्रा. म. ना. श्रीनिवास यांनी ज्या प्रक्रियेस संस्कृतीकरण असे नाव दिले ती ही होय काय? खालची मानलेली जात वरच्या जातींचे आचार, उपाध्या आणि विधी उचलते आणि एक-दोन पिढ्यांत वरच्या स्थानाचा दावा करते, असे श्रीनिवास यांचे निरीक्षण आहे. परंतु अशाने जातीचे स्थान बदलते, शिडी बदलत नाही, हेही त्यांनीच सांगितले आहे. भाग्यरेड्डी यांनी उपाधी घेतली हे खरे. पण 'आदि हिंदू' या शब्दाने त्यांनी वरची पायरी मागितली नाही. शिडी कोणी उभारली, हा प्रश्न त्यांनी विचारला. म्हणून त्यांचे कार्य संस्कृतीकरणाच्या चौकटीत पुरते मावत नाही. उद्धार दुसऱ्याने करावयाचा नसून स्वतः करावयाचा आहे, हे गीतेतील तत्त्व या नगरात कोणी आचरून दाखविले असेल तर ते त्यांनी होय.

याच काळात मराठी समाजातही हालचाल सुरू झाली होती. परभणी जिल्ह्यातून आलेले विख्यात वकील, पुढे संस्थानच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले केशवराव कोरटकर आणि त्यांचे सहकारी वामन नाईक यांच्या प्रयत्नांतून १९०७ साली विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था उभी राहिली. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. अशा स्थितीत मराठी मुलांना शिक्षणाची वाट मोकळी करून देणे हे संस्कृतिरक्षण होतेच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते वृत्तीचा खांब हलविणारे कार्य होते. वडिलांची वृत्ती मुलाने चालवावी, हा नियम ज्या दिवशी शाळेची घंटा वाजते त्याच दिवशी शिथिल होतो.

आणि एका संन्याशाचे स्मरण केल्याशिवाय या नगरातील परिवर्तनाची कथा पूर्ण होणार नाही. व्यंकटेश खेडगीकर यांचा जन्म १९०३ साली झाला. त्यांनी तारुण्यात कामगार चळवळीत काम केले, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत अध्यापन केले, संन्यासदीक्षा घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि पुढे अंबाजोगाईच्या शाळेची धुरा त्यांनी वाहिली. संन्याशाने संसार सोडावा ही रूढ कल्पना आहे. स्वामीजींनी स्वतःचा संसार सोडला आणि लोकांचा संसार अंगावर घेतला. १९३८ साली स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात ते होते. संस्थानाच्या मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व त्यांनी केले आणि त्यासाठी पुनःपुन्हा कारावास सोसला. कुळांना जमीन मिळावी, हा आग्रह त्यांनी मुक्तीनंतरही सोडला नाही. २२ जानेवारी १९७२ रोजी याच नगरात त्यांचा देह शांत झाला, आणि बेगमपेठेत त्यांची समाधी आहे. भगवी वस्त्रे समाजापासून पळण्यासाठी नसतात, याची ती समाधी साक्ष देते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले तेव्हा भूमीचा खांब हलविण्याची वेळ आली. संस्थानच्या भूमीपैकी सुमारे ६० टक्केच दिवाणी मुलूख होता. उरलेला भाग निजामाच्या खासगी मालकीचा, म्हणजे सर्फ-ए-खासचा, आणि जहागीरदारांचा होता. तेलंगणात कष्टकऱ्यांकडून फुकट राबवून घेण्याची 'वेट्टी' ही चाल रूढ होती, आणि तिच्याविरुद्धचा असंतोष १९४६ पासून सशस्त्र लढ्याच्या रूपाने पेटला होता. १९४९ साली जहागिऱ्या रद्द झाल्या. १९५० साली कूळवहिवाटीचा कायदा झाला व त्याने संरक्षित कुळाचा हक्क मान्य केला. त्याच वर्षी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट झाल्याची घोषणा केली, आणि १९५५ साली ती पाळणे हा दंडनीय अपराध ठरला. काही शतकांत जे झाले नव्हते ते कागदावर सहा वर्षांत झाले. कायदा दार उघडण्याची आज्ञा देऊ शकतो. आत आलेल्या माणसाला पाट मांडून देण्याची बुद्धी तो देऊ शकत नाही. परंतु तेवढ्यावरून कायद्यास कमी लेखणे चूक आहे. दारच बंद असेल तर पाट मांडण्याचा प्रश्न उद्भवतच नाही.

अशा काळात विनोबा पोचमपल्लीस आले. हैदराबादजवळच्या शिवरामपल्ली येथील सर्वोदय संमेलन आटोपून ते तेलंगणात निघाले होते. १८ एप्रिल १९५१ रोजी त्यांनी गावातील हरिजनांना विचारले, काय हवे? चाळीस कुटुंबांनी ऐंशी एकर जमीन मागितली. विनोबांनी गावासमोर ती मागणी ठेविली, आणि वेदिरे रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. भूदान यज्ञाचा उगम तो हाच. पुढे देशभर चाळीस लाखांहून अधिक एकर जमीन दानात आली. त्यांतील पुष्कळशी खडकाळ होती, काही वादात अडकलेली होती, आणि बरीचशी कधी वाटलीच गेली नाही. उत्साहाच्या भरात केलेला संकल्प तलाठ्याच्या दप्तरापर्यंत पोहोचविण्यास निराळीच तपश्चर्या लागते, आणि ती तपश्चर्या कमी पडली. तरीही एक गोष्ट विसरता येत नाही. रक्त सांडून जो प्रश्न सोडवू पाहिला जात होता, त्याचे उत्तर एका सायंकाळी एका माणसाच्या मनातून उमटले. दानाने समाजरचना पालटत नाही हे खरे, परंतु 'ही जमीन माझीच का?' हा प्रश्न ज्याच्या मनात उठला त्याच्यापुरती ती त्या क्षणी पालटलेली असते.

आता हिशेब मांडावयाचा. चार खांबांपैकी कोणते हलले? वृत्तीचा खांब पुष्कळ अंशी ढासळला आहे. ज्या शामीरपेटच्या शिवारात कुंभाराचा मुलगा कुंभारच होत असे, तेथे १९९८ साली स्थापन झालेले नालसार विधी विद्यापीठ उभे आहे आणि देशभरातील मुलेमुली कायदा शिकण्यासाठी येतात. भूमीचा खांब तडकला, परंतु ज्यांच्या नावावर सातबारा वा पट्टा कधीच नव्हता त्यांतील बहुतेक भूमिहीनच राहिले. रोटीचा खांब उपाहारगृहात, आगगाडीत आणि कारखान्यात पडला, घराच्या आतल्या ओट्यापाशी मात्र अनेक ठिकाणी तो शाबूत आहे. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात सुमारे २७ टक्के कुटुंबांनी आपल्या घरी अस्पृश्यता या ना त्या रूपाने पाळली जाते असे स्वतःच सांगितले. आणि बेटीचा खांब? त्याच सर्वेक्षणात आंतरजातीय विवाह सुमारे ५ टक्केच आढळले. १८९८ साली सरोजिनी चट्टोपाध्याय यांनी गोविंदराजुलू नायडू यांच्याशी जात आणि प्रांत ओलांडून विवाह केला, त्याला सव्वाशे वर्षे झाली. हैदराबादेने त्या दांपत्याचा गौरव केला, अनुकरण क्वचित केले.

जात संपली असे म्हणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य स्थापन झाले, आणि त्या राज्याने २०२४ च्या अखेरीस केलेल्या जातिगणनेत मुस्लिम मागासवर्गीयांसह मागासवर्गाचे प्रमाण ५६.३३ टक्के, अनुसूचित जातींचे १७.४३ टक्के आणि अनुसूचित जमातींचे १०.४५ टक्के निघाले. अनुसूचित जातींच्या आरक्षणात अंतर्गत वर्गवारी करण्यास सर्वोच्च न्यायालयाने १ ऑगस्ट २०२४ रोजी संमती दिली, आणि १४ एप्रिल २०२५ पासून तेलंगणाने ती अमलात आणली. शामीरपेटच्या कडेच्या वस्तीत पाऊण शतकापूर्वी दिसलेली ती खालची पायरी अशा रीतीने न्यायालयापर्यंत पोहोचली. जात मोजण्याने वाढते असे काहींना वाटते. परंतु रोग्याचा ताप मोजल्याने ताप वाढत नाही. मोजल्यानंतर औषध न देणे हा दोष आहे.

या विवेचनाच्या अखेरीस एका मंदिरातील प्रसंग सांगणे योग्य होईल. २०१८ च्या एप्रिल महिन्यात हैदराबादच्या जियागुडा भागातील श्रीरंगनाथ मंदिरात चिलकूर बालाजी मंदिराचे अर्चक सी. एस. रंगराजन यांनी एका दलित भक्तास खांद्यावर बसवून वाद्यांच्या गजरात मंदिरात नेले. तिरुप्पाण आळ्वारांस लोकसारंग मुनींनी खांद्यावरून श्रीरंगाच्या दर्शनास नेले, या प्राचीन कथेचे ते पुनःस्मरण होते. पैठणच्या वाळवंटात मुलास कडेवर घेणारे नाथ आणि जियागुड्यातील हा अर्चक यांच्यामध्ये चारशे वर्षांहून अधिक अंतर आहे, परंतु हृदयाचा धर्म एकच आहे. ज्याने वाकावयाचे तो वाकला, हे पाहून कोणाही भाविकाचे डोळे पाणावतील.

पण डोळे पुसल्यावर विचार करावयास हवा. खांद्यावर घेणे हे प्रायश्चित्त आहे, ती व्यवस्था नव्हे. ज्याला दार खरोखर मोकळे आहे त्याला कोणाच्या खांद्याची गरज लागत नाही. तो आपल्या पायांनी येतो, रांगेत उभा राहतो, प्रसाद घेतो आणि घरी जातो. कोणी त्याच्याकडे वळूनही पाहत नाही. ज्या दिवशी अशी घटना वार्ता म्हणून छापण्याजोगी राहणार नाही, त्या दिवशी परिवर्तन झाले असे म्हणता येईल. नाथांनी मूल उचलले, कारण ते लहान होते आणि वाळू तापली होती. वाळू निववणे हे पुढच्या पिढ्यांचे काम होते, आणि ते अद्याप पुरे झालेले नाही.

या कामी मठाचे स्थान कोणते? राज्यसंस्था भूमीचा कायदा करील, विद्यापीठे वृत्तीची दारे उघडतील, आणि अन्याय सोसलेले समाज आपला स्वाभिमान आपणच जागवतील. मठाच्या वाट्यास रोटी आणि बेटी हे दोन आतले खांब येतात, कारण ते मनात रोविलेले आहेत आणि मनावर अधिकार उपदेशाचा, त्याहूनही अधिक उदाहरणाचा असतो. मठाच्या मुदपाकखान्यात स्वयंपाक कोण करतो, वाढावयास कोण उभे राहते, वेदपाठ कोणास शिकविला जातो, आणि एखाद्या भक्ताच्या मुलीने जातीबाहेर विवाह केला तर पुढच्या उत्सवात त्या कुटुंबास कोणत्या नजरेने पाहिले जाते, या चार साध्या प्रश्नांच्या उत्तरांत मठाचे तत्त्वज्ञान असते. सर्व भूतांत एकच आत्मा पाहण्याचा सिद्धांत ज्या परंपरेने जगास दिला, तिच्या पंगतीत भेद उरला तर लोक पंगतीवरून सिद्धांत पारखतील, आणि त्यांचे ते पारखणे अन्याय्य म्हणता येणार नाही.

शामीरपेटला विद्वानाने विचारलेला प्रश्न आणि पोचमपल्लीला साधूने विचारलेला प्रश्न, दोन्ही अजून उभे आहेत. मठाने पहिला प्रश्न स्वतःस विचारावा : आपली रचना कशी आहे? दुसरा आपल्या दाराबाहेरच्या माणसास विचारावा : तुला काय हवे आहे? आणि उत्तर येईपर्यंत दार उघडे ठेवून उभे राहावे. वर्धापनाचे दिवस मोजण्यापेक्षा त्या दाराने किती जण निःसंकोचपणे आत आले हे मोजणे अधिक योग्य होईल. श्रीगुरुचरणी प्रार्थना हीच की, ती मोजदाद वर्षानुवर्षे वाढत जावो.